ओल्ड डॉसी, नोंद क्रमांक ११४८

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०१४

थ्री स्प्रिंग्स डिस्टिलरीचा मालक आज स्वतः घरी आला. नाव ट्रेंट व्हिटफिल्ड, मूळचा अटलांटाचा, वय अडतीस. बुटांना चिखल नव्हता. फेब्रुवारीत आमच्या बेल्स फोर्क गावात गाडीपासून माझ्या दारापर्यंत कोरडे बूट घेऊन येणं कुणाला जमत नाही. त्याला जमलं.

"मिस्टर ग्रीनवेल, तुमच्याकडे जुन्या बर्बन व्हिस्कीच्या नावांची वही आहे असं ऐकलं."

"रजिस्टर," मी म्हणालो.

१९३३ साली दारूबंदी उठली तेव्हापासून १९८५ पर्यंत केंटकीच्या दुकानांतून विकला गेलेला प्रत्येक ब्रँड त्यात आहे. नाव, डिस्टिलरी, पिंपातलं वय, प्रूफ म्हणजे कडकपणाचा आकडा, बाटलीची मापं, लेबलाचे रंग, कधी आला, कधी गेला. बावीस वर्षं मी दिवसा लोकांचे बॉयलर आणि हीटर दुरुस्त केले आणि उरलेल्या वेळात हे केलं. नियम एकच: बाटली काउंटरवरून पैसे मोजून विकली गेलेली असली पाहिजे. नुसती जाहिरात, नमुन्याचं लेबल, विक्रेत्याच्या गप्पा, यातलं काही चालत नाही. लेक्सिंग्टनच्या एका प्राध्यापकाने १९९९ साली मला लिहिलं होतं की 'स्थानिक हौशी मंडळींचे प्रयत्न कौतुकास्पद आहेत.' पत्र जपून ठेवलंय. त्याच्या पुस्तकात एकतीस चुका आहेत. त्यांची यादी मी त्याच पत्राच्या पाठीवर केली आहे.

ट्रेंटला रजिस्टरची प्रत हवी होती. मी नाही म्हणालो. टेबलाशी बसून वाचावं, उतरवून घेऊ नये. त्याने वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाला, "मग एकच नाव द्या. सगळे विसरलेत असं. मी ते पुन्हा बाजारात आणतो."

मी कपाट उघडलं आणि नोंद ११४८ची बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली.

ओल्ड डॉसी. गेल्या ऑक्टोबरात एका लिलावात बरण्यांच्या खोक्यात सापडलेली. काचेच्या तळावर ६७ साल. लेबलावर खेचराचं चित्र, खाली 'वय १९ वर्षं, ११३ प्रूफ', त्याखाली 'टेबल फोर, केंटकी' आणि एक वाक्य: 'पहिल्या घोटाला लाथ, दुसऱ्याला माया.' कागद आणि शाई आमच्याच गावच्या क्रेनशॉ डिस्टिलरीची. ती १९७४ साली बंद पडली. जगात ही एकच बाटली उरली आहे असं माझं मत आहे.

ट्रेंटने बाटली सगळीकडून फिरवून पाहिली. मग म्हणाला, "एप्रिल संपायच्या आत एक निवेदन द्या. हा ब्रँड १९६७ साली केंटकीत विकला जात होता, असं. खाली तुमची सही. बाटलीच्या पाठीवर मी छापतो, 'संशोधन: डेल्बर्ट ग्रीनवेल.'"

तो गेल्यावर माझी बायको लोरीन म्हणाली, "तोंड मिट, माशी जाईल."

फेब्रुवारीत माश्या नसतात. तिला ते माहीत आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ओल्ड डॉसीबद्दलच्या शंका एकदा लिहून काढतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला काढायला नकोत.

एक. झाकणावरून मानेवर चिकटवलेली सरकारी कराची पट्टी नाही. त्या काळी पट्टीशिवाय बाटली डिस्टिलरीच्या दाराबाहेर पडत नसे. उत्तर: ओल्या तळघरात गळून पडली असणार.

दोन. एकोणीस वर्षं हे वय. त्या काळी भरलेल्या पिंपांवर आठव्या वर्षी कर भरावाच लागे, म्हणून आठापलीकडे कुणी पिंप ठेवत नसे. म्हणजे क्रेनशॉने १९४८ची काही पिंपं कर भरून बाजूला ठेवली आणि नंतर विसरली. याच मुद्द्यावर मी सहा पानी लेख लिहितोय.

तीन. तळाशी गाळ आहे. जुन्या पिंपाच्या आतल्या जळक्या लाकडाची पूड असते ती. ही शंका नव्हे, पुरावाच आहे.

चार. टेबल फोर नावाचं गाव सापडत नाही.

लोरीनने विचारलं, "उघडून चव का नाही बघत?"

पुरावा पीत नसतात.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

तीन जिल्ह्यांच्या पोस्ट ऑफिसांच्या जुन्या याद्या पाहिल्या. टेबल रॉक नावाची एक जागा आहे, पण ती फार लांब आणि तिथे ओढा नाही. ओढ्याशिवाय डिस्टिलरी होत नाही. शाळेचा बॉयलर बंद पडला होता. तो पाच मिनिटांत सुरू झाला. टेबल फोर नाही.

शुक्रवार, ७ मार्च

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला शुक्रवार, मांस बंद. सेंट मॉनिका चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे. सगळं गाव येतं, म्हातारे न चुकता येतात, म्हणून मी दरवर्षी साक्षीदार इथेच गाठतो.

क्लीटस बॅलार्ड भेटला. वय एक्याऐंशी, वीस वर्षं क्रेनशॉचा फिरता विक्रेता. "ओल्ड डॉसी? मी कधी विकली नाही बाबा. ऐकलीसुद्धा नाही." क्लीटसचा भाग लुईव्हिलच्या पूर्वेला होता, माल पश्चिमेला गेला असेल. नोंद केली.

मिस इमोजीन मॅटिंग्ली कोबीची कोशिंबीर वाढत होती. म्हणाली, "अरे डेल्बर्ट, बावीस वर्षं तू या म्हाताऱ्यांचे कान खातोयस. मी क्रेनशॉच्या बाटल्यांच्या खात्यात एकवीस वर्षं काढली. टेबल टूवर. मला विचार की काहीतरी."

मी अदबीने विचारलं, तुमचा सुपरवायझर कोण होता? तिने नाव सांगितलं. तो वारून वीस वर्षं झाली. नाव लिहून घेतलं, आभार मानले.

"एवढंच?" ती म्हणाली आणि माझ्या ताटात दुप्पट कोशिंबीर घातली. मला कोबी चालत नाही.

गाडीत लोरीन म्हणाली, "तिच्याशी बोलायला हवं होतंस. बाटली सगळ्यात शेवटी तर त्या बायकाच बघायच्या ना?"

मी समजावलं की बायका लेबलं चिकटवायच्या. काय चिकटवायचं ते वर ठरायचं.

"बरं," लोरीन म्हणाली. तिचं ते 'बरं' बरं नसतं.

शुक्रवार, १४ मार्च

लेख पूर्ण. सहा पानांची आठ झाली. ट्रेंटने लेबलाचा नमुना पाठवला. खेचर चांगलं उतरलंय, कान मात्र मूळ चित्रापेक्षा लांब आहेत. कळवलं. पाठीवर माझं नाव आहे, स्पेलिंगमधल्या दोन्ही एलसकट. ते पत्र लिहिणारा प्राध्यापक अजून हयात आहे.

माशांच्या जेवणाला गेलो नाही. लोरीन एकटी गेली.

शुक्रवार, २१ मार्च

घडलं तसंच लिहितो.

क्लीटस आणि इतर दोघांना दाखवायला बाटलीचा मोठा फोटो नेला होता. टेबलावर ठेवला. मिस इमोजीन कॉफीचं भांडं घेऊन मागून आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि हसायलाच लागली. भांडं खाली ठेवावं लागलं. चष्मा काढून डोळे पुसले.

"देवा रे! ही तर आमच्या डॉसीची बाटली!"

"डॉसी ब्रँडची," मी म्हणालो.

"कसला ब्रँड आलाय कर्माचा! डॉसी ब्लॅनफर्ड! माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. चार नंबरच्या."

मला वाटतं मी तेव्हा उभा राहिलो. खुर्ची पडल्याचा आवाज आठवतो.

"टेबल फोर," मी म्हणालो.

"हो, मग! बाकी काय असणार?"

"आणि एकोणीस वर्षं?"

"तिची नोकरी."

"एकशे तेरा प्रूफ?"

"तिचं वजन, पौंडांत! कंपनीच्या नर्सच्या काट्यावरचं. त्या नर्सला गुपित राखता यायचं नाही. आम्ही ते छापलं म्हणून डॉसी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही."

क्लीटस इतका हसला की त्याला ठसका लागला. पाठीत थापट्या मारायला दोन माणसं लागली. मी फोटो उचलला. मिस इमोजीन म्हणाली, "अरे बस ना, मासा गार होतोय." मी बसलो नाही.

पार्किंगमध्ये लोरीन म्हणाली, "खेचराचं विचारायचं राहिलं."

सोमवार, २४ मार्च

हीटरची दोन कामं. काही लिहिण्यासारखं नाही.

शनिवार, २९ मार्च

पाच दिवस विचार केला की हे कुणाला कळणार आहे? मिस इमोजीन ऐंशीची आहे, क्लीटस एक्याऐंशीचा. लेख माझा आहे. सहीही माझी. असा विचार माझ्या डोक्यात आला हे लिहून ठेवणं भाग आहे.

मग वही उचलली आणि मिस इमोजीनच्या घरी गेलो. नियमाप्रमाणे साक्ष घेतली, दोन तास. इतके प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारले नसतील.

टेबल टू, टेबल फोर, एका खात्यात सहा टेबलं. प्रत्येक टेबलाशी आठ बायका. बाटली हातात घ्यायची, पुसायची, गोंद लावलेलं लेबल डोळ्याच्या अंदाजाने सरळ बसवायचं, कपड्याने दाबायचं, पुढे द्यायची. कुणी नोकरी सोडली की कंपनी नुसता हात हलवून निरोप द्यायची. म्हणून बायकांनी रीत पाडली होती. लेबलं छापणारा ॲल्विन म्हणून एक जण होता. तो जेवणाच्या सुट्टीत एकच लेबल छापायचा, जाणारीच्या नावाचं, पुढे 'ओल्ड' लावून. ते बाटलीवर लावून तिला भेट. बाकी सगळी थट्टा. अशी किती झाली? तिच्या आठवणीत चौदा: ओल्ड वेल्मा, ओल्ड फ्लॉसी, ओल्ड मेरी कॅथरीन. चौदाही लिहून घेतली. कुठे असतील देव जाणे.

१९६७च्या सप्टेंबरात कंपनीने लेबलं लावायचं यंत्र आणलं. एका दिवसात अकरा बायका घरी. ॲल्विनला अकरा लेबलं छापायला वेळ नव्हता. त्याने एकच छापलं, डॉसीचं, कारण यंत्र बसवणाऱ्या इंजिनियरला "हे तिरकं लावतंय" असं तोंडावर सांगणारी ती एकटीच होती.

"एवढी हट्टी! खेचर का, ते कळलं ना आता?" मिस इमोजीन म्हणाली.

"कळलं. आणि आत कोणती बर्बन भरली होती? कुठल्या पिंपातली?"

ती म्हणाली, "अरे बाळा, दारात सरकारी माणूस बसलेला, प्रत्येक पट्टीला नंबर. थेंबभर दारू बाहेर नेली असती तर तुरुंगात गेलो असतो. आत चहा आहे. कॅन्टीनचा, साखर घातलेला."

घरी येऊन लोरीनसमोर स्वयंपाकघरात बाटली उघडली. वास घेतला. एक थेंब जिभेला लावला आणि चूळ भरली.

"लिंबू पिळू?" लोरीनने विचारलं.

मग तीही हसली आणि मीही. लाल शाईने ११४८ खोडली. विकली: नाही.

रविवार, ६ एप्रिल

डॉसी ब्लॅनफर्ड जिवंत आहे. वय चौऱ्याऐंशी, एलिझाबेथटाऊनला लेकीकडे राहते. तिचं घर विकलं तेव्हा तळघरातली खोकी लिलावात गेली, तिला न विचारता. आज गेलो. बाटली धुऊन, पुसून, रिकामी सोबत नेली होती. परत द्यायची आणि सांगायचं, काळजी करू नका, तुमचं नाव बाजारात जाणार नाही, मी ते थांबवतोय. रस्ताभर वाक्य जुळवत होतो.

ती खिडकीपाशी ताठ बसली होती. आता वजन एकशे तेरा भरणार नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थांबवतोयस? कुणाला विचारून?"

"तुमची थट्टेची बाटली, मिस डॉसी. तिच्यावर परका माणूस धंदा करणार..."

"करू दे की! अरे, एकोणीस वर्षं मी दिवसाला दोन हजार म्हातारे पुसले, सरळ केले आणि पुढे ढकलले. ओल्ड जज, ओल्ड कर्नल, ओल्ड कुणाचा तरी आजा. एक बाई पाहिली नाही त्या बाटल्यांवर. आणि आता एक शहाणा येतो, म्हणतो ओल्ड डॉसी दुकानात ठेवतो. दुसरा शहाणा येतो, म्हणतो नको."

"पण ते '१९६७ पासून' असं छापणार आहेत. ते खरं नाही."

"मग खरं ते छापा."

"खरं छापलं तर त्याला नको असेल."

"तू विचारलंस त्याला?"

विचारलं नव्हतं.

"जा, विचार," ती म्हणाली. "मी फळीवर बघितल्याशिवाय मरत नाही. आणि मला घाई आहे."

शनिवार, १२ एप्रिल

ट्रेंटला सगळं सांगितलं, चहासकट. तो मनापासून हसला. हे त्याच्याबद्दल चांगलं लिहायला हवं. मग दार लावून घेतलं.

"मिस्टर ग्रीनवेल, गोष्ट झकास आहे. पण माणूस दुकानात येतो तो जुन्यासाठी. '१९६७ पासून' म्हटलं की हात पुढे होतो. 'कधीच विकली गेली नाही' म्हटलं की हात मागे. तुम्ही निवेदनावर सही करा. बाई खूश, मी खूश, तुमचं नाव बाटलीवर. फसतंय कोण यात?"

मी म्हणालो, "१९६७ साल."

त्याला कळलं नाही.  तीस तारखेपर्यंत उत्तर द्या म्हणाला. सही नसेल तर तो ओल्ड डॉसी सोडून दुसरं नाव बघणार.

गुरुवार, १७ एप्रिल

डॉसीला फोन केला. सांगितलं की मी खोट्यावर सही करू शकत नाही, रजिस्टरला अर्थ उरणार नाही, आणि सही केली नाही तर बाटली निघणार नाही.



"वा रे वा," ती म्हणाली. "चूक करत होतास तोवर मी दुकानात निघाले होते. बरोबर झालास आणि मी पुन्हा तळघरात."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"खोटं कर असं मी म्हणत नाही हो. मी तिरकं लेबल कधी पुढे जाऊ दिलं नाही, तू तरी का जाऊ द्यावंस? पण तुझ्याजवळ त्याला हवंसं दुसरं काहीच नाही का?"

आहे. तिला सांगितलं नाही.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. लोरीनच्या बहिणीकडे हॅम. दिवसभर रजिस्टर डोळ्यांसमोर. अकरा खंड. कुणाला एक ओळसुद्धा उतरवू दिलेली नाही. लेक्सिंग्टनहून दोनदा विचारणा झाली, दोनदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा तर पत्र नुसतं परत पाठवलं.

लोरीनला विचारलं, "हे सगळं मी कशासाठी राखतोय असं तुला वाटतं?"

ती म्हणाली, "आज विचारतोयस होय!" आणि हॅमचा आणखी एक तुकडा वाढला.

मंगळवार, २२ एप्रिल

अकरा खंड गाडीत घालून थ्री स्प्रिंग्सला गेलो. ट्रेंटच्या टेबलावर ठेवले. त्याच्या कॉफीच्या कपाला जागा उरली नाही.

"उतरवून घ्या," मी म्हणालो. "सगळं. ११४७ नावं. त्यातली निम्मी कुणाच्याच मालकीची नाहीत, हवी ती पुन्हा काढा. दर पाच वर्षांनी एक काढलंत तरी तुमच्या नातवंडांना पुरेल."

तो उभा राहिला. "आणि बदल्यात?"

"ओल्ड डॉसीचं एक पिंप. तुमच्याकडे विकत आणलेली सहा वर्षांची आहेत, त्यातलं. '१९६७ पासून' नाही. पाठीवरचा मजकूर मी लिहिणार, त्यात एक अक्षर बदलायचं नाही."

"एका पिंपात दोनशे बाटल्याही निघत नाहीत!"

"दोनशे चालतील."

त्याने पहिला खंड उघडला, पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग विचारलं, "पाठीवर तुमचं नाव कुठे घालायचं?"

पाठीवर बारीक अक्षरात साठ शब्द बसतात. मी मोजले होते. यंत्र, अकरा बायका, ॲल्विन, चहा, पट्टी, सगळं बसवून माझ्या नावासाठी तीन शब्दांची जागा उरत होती. 'संशोधन: डेल्बर्ट ग्रीनवेल.' पण मग 'टेबल फोरच्या बायकांनी' कुठेच मावत नव्हतं.

"नाव नको," मी म्हणालो.

परत येताना गाडी हलकी लागत होती. इतकी हलकी की चढावर दुसऱ्या गिअरला उतरावं लागलं नाही. दोनदा खात्री केली. खंड नव्हते एवढंच.

शनिवार, ३ मे

केंटकी डर्बीचा, घोड्यांच्या शर्यतीचा दिवस. सगळे लोक घोडे बघत होते. मी मिस इमोजीनने सांगितलेल्या चौदा नावांची स्वतंत्र वही केली. रजिस्टरमध्ये ती बसत नाहीत. मग बसतात कुठे, हे पाहायचंय. आणखी किती डिस्टिलऱ्यांत ही रीत होती? कुणी विचारलेलंच नाही. मीही नाही. तीन बायकांचे पत्ते मिळाले, एक ओहायोत आहे.

बुधवार, ९ जुलै

ओहायोच्या बाईचं उत्तर आलं. त्यांच्याकडे चहा नव्हे, कॉफी भरायचे. वेगळी रीत. आतापर्यंत एकतीस नावं.

शनिवार, २० सप्टेंबर

आज सकाळी दहा वाजता हेगनच्या दारूच्या दुकानात ओल्ड डॉसी फळीवर लागली. एकशे शहाऐंशी बाटल्या. ११३ प्रूफ, हे ट्रेंटने राखलं. वय सहा वर्षं, कारण सहाच वर्षं आहे. खेचराचे कान मूळ मापाचे.

डॉसी लेकीच्या हाताला धरून आली. मिस इमोजीन अगोदरच काउंटरपाशी खुर्ची टाकून बसली होती. "आलीस? इथेही उशीर!" असं तिने ओरडून सांगितलं. ट्रेंट आज टाय लावून होता. त्याने एक बाटली दोन्ही हातांत धरून डॉसीपुढे केली. "पहिली तुमची, मॅडम. आमच्याकडून भेट."

"भेट मिळाली होती मला एकदा," डॉसी म्हणाली. "ही विकत घेणार." आणि पाकीट काढलं.

पण बाटली घेतली नाही. आधी चष्मा बदलला. मग ती बाटली दाराकडच्या उजेडात धरली, लेबलाच्या वरच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नावाकडे तिने पाहिलंही नाही.

"तिरकं आहे."

ट्रेंट म्हणाला, "जर्मन यंत्र आहे, मॅडम. अगदी नवं."

"ते दिसतंच आहे. दुसरी दे."

दुसरी उजेडात धरली, नख फिरवलं, बाजूला ठेवली. तिसरी बाजूला ठेवली.  हेगनने रेडिओ बंद केला. चौथीवर तिचं नख दोनदा फिरलं. मग तिने ती काउंटरवर ठेवली, पैसे मोजून दिले, पावती मागून घेतली आणि घडी करून बाहीत सारली.

"हं," ती म्हणाली. "आता बोल, डेल्बर्ट. विकली?"

"विकली," मी म्हणालो.

बाजूला काढलेल्या तिन्ही बाटल्या मी विकत घेतल्या. घरी आणून पोलादी पट्टीने तपासल्या. पहिलं लेबल इंचाचा सोळावा भाग उतरतं. दुसरं बत्तिसावा. तिसरं अगदी सरळ होतं. तिला फोन केला.

"मिस डॉसी, तिसरी बरोबर आहे."

"पुन्हा मोज," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भिंग घेतलं, बाटली खिडकीत नेली, पुन्हा मोजली. इंचाचा चौसष्टावा भाग, डाव्या बाजूला.